मांजरपाटाचे पंख

आमच्या विमानाला म्हशीचं दूध लागायचं. असं सांगितलं की नातवंडं हसतात. म्हणतात, आजी, पेट्रोल म्हण. पेट्रोल लागलंच की, पण ते सगळ्यात शेवटी. त्याआधी दोन उन्हाळे लागलं ते दूध, चुना, बांबू, मांजरपाट आणि तांदळाची पेज. आमच्या मावळात हे कुणाच्या घरी नसतं? फक्त त्याचं विमान करायचं कुणाला सुचलं नव्हतं, ते आमच्या ह्यांना सुचलं.

मला शाळा नाही. अक्षरं ह्यांनीच शिकवली, तीही लग्नानंतर, गाडीने जाता-येता स्टेशनांच्या पाट्या वाचायला लावून. मळवली, कामशेत, वडगाव असं करत करत मी वाचायला लागले. त्यामुळे माझं लिहिणं बोलण्यासारखंच आहे, ते तसंच वाचा.

माझं सासर मळवली स्टेशनापासून चालत जाण्याइतकं, भाजे गावाच्या शिवेला लागून. घरात मामंजी म्हणजे माझे सासरे, आत्याबाई म्हणजे सासूबाई, मी आणि हे. पण हे शनिवार-रविवारचेच. ते लोणावळ्याला रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होते, तिथेच चाळीत राहायचे आणि शनिवारी संध्याकाळच्या गाडीने घरी यायचे. एकुलता एक मुलगा जमीन सोडून लोखंडात गेला, याचं मामंजींना फार लागलं होतं. ते भांडले नाहीत हो कधी. मामंजी भांडणारे नव्हतेच. पण शेडबद्दल त्यांनी मुलाला कधी एक शब्द विचारला नाही. हे आले की मामंजी म्हणायचे, "आलास व्हय?" सोमवारी पहाटे निघाले की म्हणायचे, "निगालास व्हय?" मधला अख्खा रविवार दोघंही म्हशीशी बोलायचे.

एका शनिवारी हे आले ते हातात इंग्रजी मासिकाची पानं घेऊन. रेल्वेच्या वाचनालयातलं जुनं मासिक रद्दीत निघालं होतं. त्यात घरच्या घरी लाकडाचं विमान कसं करायचं याच्या आकृत्या होत्या. एका चित्रात एक गोरा माणूस आपल्या अंगणात विमानाचा सांगाडा जुळवत होता आणि त्याच्या पायाशी कोंबड्या दाणे टिपत होत्या. ह्यांनी मला आधी कोंबड्याच दाखवल्या.

"बघ," म्हणाले, "कोंबड्या आपल्याकडंबी हायती."

मला वाटलं, माणूस दमलाय, खूळ दोन दिवसांत उतरेल. पण पुढच्या शनिवारी हे डोक्यावर फळ्यांचा भारा घेऊन स्टेशनातून चालत आले. आमची लाईन विजेवर गेली तेव्हा परदेशातून मोठमोठी यंत्रं आली होती, ती देवदाराच्या खोक्यांतून. ती खोकी शेडच्या मागे वर्षानुवर्षं पडून होती. साहेबाची परवानगी काढून ह्यांनी त्यातल्या सरळ, बिनगाठीच्या फळ्या निवडून आणल्या. विमानाच्या पाठीचा कणा त्या फळ्यांचा. पंखांच्या फासळ्या आमच्या परसातल्या बांबूच्या, चिरून, तासून, वाफेवर वाकवलेल्या. आणि पुढचा पंखा शिवणीच्या लाकडाचा. शिवण हलकी असते आणि तासताना तडकत नाही. इंजिन मिळालं खंडाळ्याच्या एका बंगलेवाल्या शेटजींकडून. त्यांची फटफटी घाटातल्या वळणावर खाली गेली होती. शेटजींचा पाय मोडला आणि फटफटीवरून मन उडालं. "दरीतून काढ आणि घेऊन जा, मला पुन्हा तोंड दाखवू नको तिचं," असं ते ह्यांना म्हणाले. हे आणि शेडमधले दोन सोबती दोरखंड लावून ती वर घेऊन आले.

आता दुधाचं सांगते. लाकडाला लाकूड जोडायचं तर सरस हवा, पण साधा सरस लोणावळ्याच्या हवेत पाणी धरतो आणि सुटतो. मासिकात दुधाचा सरस दिला होता. लोणी काढलेलं दूध नासवायचं, चोथा फडक्यात पिळायचा, उन्हात कडकडीत वाळवायचा, जात्यावर दळायचा आणि चुन्याबरोबर पाण्यात कालवायचा. कालवला की घाई करायची, कारण थोड्या वेळात तो दगड होतो. मग त्याला पाणी काही करत नाही. हे काम माझ्याकडे आलं, कारण चुलीशी मी, जात्याशी मी.

आत्याबाईंनी पहिल्या दिवशी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "दूध लाकडाला पाजतुयास व्हय गं? लाकूड काय येनार हाय का व्यायला?"

पुढे शेजारणी दुधाला आल्या की आत्याबाई दारातूनच सांगायच्या, "दूध न्हाई बाई. इमानाला पाजलं."

पण एक सांगते. हे सांगताना त्यांच्या आवाजात थोडा तोराही असायचा. गावात म्हशी सगळ्यांकडे होत्या. विमानाला दूध पाजणारी म्हैस आमचीच होती.

सांगाडा उभा राहिला तो गोठ्याशेजारच्या पडवीत. पंख दोन, एकावर एक नव्हे, एक पुढे आणि एक मागे. चालवायला एकच दांडा. मागे ओढला की पुढचा पंख तोंड वर करायचा, डावी-उजवीकडे केला की शेपटीचं सुकाणू वळायचं. ह्यांनी तारा ताणायच्या आणि मी बसकणीवर बसून दांडा हलवायचा, असं आमचं चालायचं. "मागं घे. आता डावीकडं. आता सोड." उन्हाळाभर मी तो दांडा इतका हलवला की ताक घुसळतानाही हात तसाच वळायचा.

पंखांवर कापड घालायचं काम तर माझंच. माझ्या हातची वाकळ गावात मान मिळवून होती. माझा टाका बारीक आणि एकसारखा. मांजरपाटाचे तागे आले आणि मी फासळी-फासळीला कापड शिवून घेतलं. मग ते ताणून बसायला पेज लावायची. आमच्या आंबेमोहराची पेज. दाट काढायची, कोमट असताना कुंच्याने लावायची आणि पंख उन्हात ठेवायचा. वाळला की कापड ढोलकीच्या पानासारखं ताणायचं. टिचकी मारली की टण् वाजायचं. मी दुपारी पुढचा पंख अंगणात दोन बाजांवर ठेवला, टिचकी मारून पाहिली, खूश झाले आणि पाणी आणायला ओढ्यावर गेले.

परत आले तर आमचा पांढरा बैल दावं तोडून पंखाशी उभा. आंबेमोहराच्या वासाने आला होता. त्याला पेज कळली, विमान कळलं नाही. एका टोकापासून चाटत चाटत मधोमध आला होता, आणि जिथे नुसतं चाटून भागलं नाही तिथे कापडच खाल्लं होतं. त्याच्या तोंडातून मांजरपाटाची लांब पट्टी लोंबत होती आणि तो शांतपणे चघळत होता.

मी ओरडले. मामंजी धावत आले. त्यांनी बैलाकडे पाहिलं, पंखाकडे पाहिलं, आणि काय सांगू, ते हसायला लागले. मी सून म्हणून त्या घरात आले तेव्हापासून मामंजींना असं हसताना पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग पट्टीचं टोक धरून बैलाच्या तोंडातून ती हळूहळू ओढून काढली, झटकली आणि माझ्या हातात दिली.

"ह्ये परत शिवायला किती दिस लागत्याल?" त्यांनी विचारलं.

विमानाबद्दल त्यांनी विचारलेला तो पहिला प्रश्न. शनिवारी मी ह्यांना पंख खाल्ल्याचं सांगितलं आणि मग हा प्रश्न सांगितला. पंखाचं ह्यांनी ऐकलंच नाही. "आबा असं म्हनाले? खरं?" हेच तीन-चारदा विचारत राहिले. दुसऱ्यांदा शिवताना मी पेज वाळल्याबरोबर वरून उकळलेल्या जवसाच्या तेलाचा हात दिला. तो वास बैलाला अजिबात आवडला नाही. पावसालाही आवडत नाही म्हणतात.

तर विमान झालं. आता पळवायचं कुठे?

आमच्याकडे सपाट जागा म्हणजे भाताची खाचरं. आमची खाचरं पायऱ्यांसारखी मावळतीकडे उतरत जातात. त्यांच्या टोकाला ओढा, ओढ्यापलीकडे गायरान, आणि गायरानाच्या कडेने रेल्वेची लाईन. वैशाखात खाचरं सुकून टणक होतात आणि दुपारी वारा मावळतीकडून समोर येतो. विमानाला समोरचा वारा आणि थोडा उतार, यापरतं काय हवं? पण मध्ये बांध होते. तीन.

बांध म्हणजे काय हे शहरातल्या माणसाला सांगावं लागतं. बांध आहे म्हणून खाचरात पाणी उभं राहतं, आणि पाणी उभं राहतं म्हणून भात. आमचे तिन्ही बांध मामंजींच्या हातचे. खेकडे भोकं पाडतात म्हणून दरवर्षी पायाने चापून, चिखलाने लिंपून त्यांनी ते राखलेले. बांधावर कुणी जोरात पाय आपटला तरी त्यांना आवडायचं नाही. त्यांच्याकडे बांध काढायचा शब्द टाकायचा म्हणजे... हे तो रविवार नुसते अंगणात फेऱ्या मारत होते. शेवटी संध्याकाळी पायरीवर बसले.

"आबा, एक इचारू?"

"इचार की."

"बांध काढावं लागत्याल. तिन्ही. तवाच पळंल ते."

मामंजी उठले आणि खाचरांकडे चालत गेले. आम्ही दारातून पाहत होतो. ते वरच्या बांधावरून चालले, मधल्यावरून चालले, खालच्यावरून चालले. मग परत आले.

"पावसाच्या आत परत घालाय पायजेत," म्हणाले. "न्हाई घातलं तर औंदा भात न्हाई. मग खायाचं काय, इमान?"

"घालीन आबा."

"तू एकला घालनार? फिटर!" मग म्हणाले, "इर्जिक घालू."

इर्जिक म्हणजे गावाने मिळून एकाच्या शेतात राबायचं. ज्याचं शेत त्याने जेवण द्यायचं आणि दुसऱ्याच्या इर्जिकीला आपण जायचं. त्यात मजुरीची भाषा नाही. पण इर्जिक नांगरटीला घालतात, बांध घालायला घालतात. बांध मोडायला इर्जिक घातलेली कुणी ऐकली नव्हती. मामंजींनी घरोघर जाऊन सांगितलं, तेव्हा लोकांना वाटलं त्यांची जीभ चुकली.

आतापर्यंत विमान म्हणजे आमच्या दोघांचा खेळ होता. उडालं तर उडालं. आता तसं राहिलं नव्हतं. विमान नाही उडालं तर मामंजींनी आयुष्यभर राखलेले बांध फुकट मोडले असं होणार होतं, आणि तेही सगळ्या गावाच्या हातांनी, गावासमोर. मुलासाठी त्यांनी पहिल्यांदाच काहीतरी पणाला लावलं होतं, आणि जे लावलं ते लहान नव्हतं.

इर्जिकीला झाडून सगळे आले. बैल, फावडी, माती ओढायच्या फळ्या. पहिलं फावडं मामंजींनी मारलं. कुणाच्या हातात देईनात. मग बाकीचे लागले. बांधाची माती खालच्या पायरीवर पसरत गेली आणि तीन पायऱ्यांचा एक लांब उतार झाला. भावकीतले एक चुलत सासरे होते, त्यांच्या जिभेला हाड नव्हतं. ते फावडं टेकवून म्हणाले, "आरं फिटर, उडालं तर आमची भाजी म्हमईला न्हेशील का? गाडीत लय चेंगरती."

"न्हेतो की काका. तुमालाबी न्हेतो."

"मला नगं बाबा. म्या भाजीबरूबर पत्र धाडीन."

मटणाचं कालवण आणि तांदळाच्या भाकरी. आत्याबाईंनी आणि मी दिवसभर थापल्या. आमचे पोलीस पाटीलही पंगतीला जेवून गेले. विमानाला सरकारी परवाना लागतो हे आम्हाला फार पुढे कळलं, पण तोवर जेवून गेलेला माणूस कुणाला काय विचारणार?

आणि मग विमान उडेना.

शेडमधून रजा काढून हे घरी आले होते. रोज दुपारी वारा सुटला की विमान वरच्या टोकाला न्यायचं, ह्यांनी बसायचं, मी पंखा फिरवून द्यायचा. इंजिन असं ओरडायचं की भाज्याच्या शेळ्या विसापूर किल्ल्याच्या वाटेला लागायच्या. विमान सुटायचं, धावायचं, शेपूट उचलायचं, चाकं जरा जमीन सोडायची आणि पुन्हा धप्प. बेडकासारखं. उतार संपायचा, ओढा यायचा, हे इंजिन बंद करायचे. मग ते वर आणायचं. ओढणारं आणि ढकलणारं माणूस ताकदीचं हवं म्हणून हे मागे शेपटीला, आणि दांडा धरून वळवायला मी बसकणीवर. चढ लागला की मी इंजिनही चालू ठेवायची. खालून वर येतानाच्या त्या प्रवासात मी त्या यंत्राचा प्रत्येक धक्का ओळखायला लागले होते.

जड होतंय, हे ह्यांचं म्हणणं. म्हणून बसकणीची फळी काढून सुतळी विणली. चाकांवरची पत्र्याची झाकणं काढली. तरी बेडूकच. मग ह्यांनी रात्रीचं जेवण सोडलं. माणूस मुळात धिप्पाड, घण मारून मारून खांदे असे झालेले. एका वेळचं जेवण सोडून त्यांचं काय उतरणार होतं?

लोक रोज बघायला यायचे. आधी हौसेने, मग सवयीने. चुलत सासरे म्हणायचे, "नांगुर लावा त्येला. रान तरी निघंल." मामंजी खाचराच्या कडेला उकिडवे बसून बघायचे. एक शब्द नाही. मला तेच सोसत नव्हतं. त्यांनी रागावावं असं वाटायचं.

लोहगडावर दुपारचे ढग येऊन बसायला लागले. मामंजींनी एका सकाळी सांगितलं, "आजचा दिस. उद्या बांध घालाय मानसं बलावतो. रोपाच्या वाफ्यावर राब भाजून झाल्यात, आता थांबून चालायचं न्हाई."

ती दुपार. दोनदा धावलं, दोनदा बेडूक. दुसऱ्यांदा आम्ही ते वर आणलं. मी बसकणीवर, इंजिन फटफटतंय, हे मागे घामाने निथळत उभे. त्या दिवशी तर त्यांनी सकाळपासूनही काही खाल्लं नव्हतं. आत्याबाई फडक्यात भाकरी घेऊन आल्या होत्या, ती हे घेईनात. तेव्हा आत्याबाईंचा पारा चढला.

"उपाशी मरून काय हलका हुनार हायेस?" त्या ओरडल्या. "त्यापरीस हिला बशीव! हिच्या अंगावर हाय का काय? फुकलं तर उडंल!"

लोक हसले. आणि मग हसायचे थांबले. कारण मी बसलेलेच होते. दांडा माझ्या हातात होता.

हे पुढे येऊन माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या मनात हिशेब चाललाय हे मला दिसत होतं, आणि तो हिशेब त्यांना आवडत नाही हेही दिसत होतं.

"न्हाई," म्हणाले. "आये, काय बी बोलतीस."

"मी आपलं बोलून गेले," आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा चेहराच उतरला. "खाली उतर गं."

मी उतरायला हवं होतं. मी उतरले नाही.

"दांडा मला ठावं हाय," मी ह्यांना म्हटलं. चारचौघांत नवऱ्याशी एवढं बोलायची रीत नव्हती, पण इंजिनाच्या आवाजात कोण रीत बघतंय. "वर चढवून मीच आनते की रोज."

"ते जमिनीवर. आनि मोडलं म्हंजे?"

"मोडलं तर कुनाला शिवायचं हाय? मलाच."

मामंजी उठून आले. विमानाच्या नाकावर हात ठेवला, बैलाच्या कपाळावर ठेवावा तसा. "पोरी, तुला जायाचंच हाय का?"

"व्हय."

त्यांनी मान हलवली आणि आत्याबाईंकडे पाहिलं. आत्याबाई पुढे आल्या. आधी माझा कासोटा खेचून घट्ट केला, पदर कमरेला गुंडाळून वरून सुतळी बांधली. मग माझा हात हातात घेऊन पाटल्या काढल्या. मग पायांतले तोडे. लग्नापासून ज्या बाईने मला रिकाम्या पायाने ओढ्यावरही जाऊ दिलं नव्हतं, ती खाली बसून माझे तोडे काढत होती. "चांदी जड आसती," एवढंच पुटपुटली. मंगळसूत्र तेवढं ठेवलं. सगळं आपल्या पदराच्या ओट्यात घेतलं आणि ओटा दोन्ही हातांनी धरून बाजूला उभी राहिली.

ह्यांनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "खाली आपटायला लागलं तर दांडा वडू नगंस. पुढं दे. वारं धरू दे. वळायचं न्हाई, सरळ गायरानात उतर." मग हात वर केला.

विमान सुटलं. रोज मी त्याला वर आणत होते, पण उताराला लागलेलं ते वेगळंच जनावर होतं. पहिला मोडलेला बांध चाकांखाली गेला, खडखड. दुसरा गेला, खडखड. हाडं हलत होती, तारा गात होत्या, डोळ्यांत धूळ. शेपूट उचलली. मी दांडा थोडा मागे घेतला, ताकाची दोरी घेतात तेवढाच. आणि तिसऱ्या बांधाची खडखड आलीच नाही.

मी वाट बघत होते तिची. ती आलीच नाही. म्हणून मी खाली पाहिलं, तर ओढा माझ्या पायाखालून मागे चालला होता.

मी ओरडले. काय ओरडले ते कुणालाच ठाऊक नाही, मलाही नाही. पण गळा फाटेपर्यंत ओरडले एवढं खरं.

पुढे गायरान. सरळ उतरायचं होतं. पण त्या इंजिनाच्या धास्तीने रोज पळणाऱ्या शेळ्या आज नेमक्या गायरानात येऊन थांबल्या होत्या. पांढऱ्या-काळ्या, गायरानभर. त्यांच्यावर कसं उतरू? म्हणून मी वर राहिले. वर राहिले म्हणजे काय, राहावंच लागलं. दांडा जरा उजवीकडे दिला. विमान एका अंगावर कललं, आणि मग ते वळलं, अगदी शहाण्या बैलासारखं.

लाईनवर लोणावळ्याकडे जाणारी गाडी होती. मी तिच्या बाजूने चालले होते, तिच्या छपरापेक्षा उंच. खिडक्यांतून माणसं निम्मी बाहेर आली. एकाचं पागोटं गेलं वाऱ्यावर. इंजिनाच्या ड्रायव्हरने मान बाहेर काढून पाहिलं आणि शिट्टी दिली. शिट्टी कसली, ओढतच राहिला, मळवली स्टेशन येईस्तोवर. लोणावळ्याच्या शेडमध्ये त्याने काय सांगितलं असेल ते असेल. फिटरची बायको उडाली, यावर तिथे दोन दिवस कुणी विश्वास ठेवला नाही म्हणे.

मग मी गावावरून आले. झाडांच्या शेंड्यांच्या थोडंसंच वर, पण मला लोहगडाच्या बरोबरीला आल्यासारखं वाटत होतं. विहीर दिसली, आत पाणी किती खाली गेलंय ते दिसलं. आमचं घर दिसलं. आमचा पांढरा बैल दिसला, तो मान वर करून बघत होता. खाल्लेला पंख ओळखला असेल त्याने. मी सगळं नीट पाहून घेतलं. घाबरले होते का? होते. पण घाबरणं एका बाजूला आणि बघणं एका बाजूला, अशी दोन्ही कामं चालली होती.

पुन्हा वाऱ्याला तोंड करून मी खाचरांच्या वरच्या अंगाला आले. इंजिन कमी केलं. खाली लोक पांगले. आपटायला लागलं तेव्हा ह्यांचं ऐकलं, दांडा ओढला नाही. चाकं टेकली, उडाली, टेकली, एक चाक वाकडं झालं, आणि मोडलेल्या दुसऱ्या बांधाच्या मातीत विमान तिरपं होऊन थांबलं.

सगळे धावत आले. आधी हे. नुसता माझा खांदा धरून हलवत होते. मग मामंजी. मामंजी धापा टाकत माझ्यासमोर उभे राहिले आणि बघत राहिले. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "मामंजी, सैपाकघरावरची दोन कौलं फुटल्याती. वरनं दिसली."

"फुटल्याती?" ते म्हणाले. "बदलतो."

मग चुलत सासऱ्यांनी मोठ्याने विचारलं, "सूनबाई, आमच्या घरावरची कशी हायती गं?" आणि जो हशा झाला, तो कुणाचा कुणाला आवरेना. आत्याबाई हसत होत्या आणि रडत होत्या. तोडे ओट्यात तसेच धरून. ते परत पायात घालायचं त्यांना रात्रीपर्यंत सुचलं नाही, आणि मीही आठवण केली नाही.

दुसऱ्या दिवशी मामंजींना माणसं बोलवायला जावं लागलं नाही. उजाडता उजाडता सगळं गाव फावडी घेऊन खाचरात. ह्यांनी विमान ढकलून पडवीत लावलं आणि तेही बांधावर गेले. मामंजींच्या बाजूला उभे राहून चिखल चापत होते, आणि मामंजी त्यांना विचारत होते, "शेडात तुमास्नी असलं वाकडं चाक सरळ करता येतं का रं? कसं करता?" मी न्याहारी घेऊन गेले होते, माझ्या कानांनी ऐकलं. हे चाक कसं सरळ करतात ते सांगत होते आणि मामंजी ऐकत होते. दुपारपर्यंत सांगणं संपलं नाही.

खालचा बांध झाला, मधला झाला. वरच्याला लोक लागणार तोच मामंजी म्हणाले, "ह्यो ऱ्हाऊ दे."

"आरं आबा," चुलत सासरे म्हणाले, "वरलं खाचार अर्धं कोरडं जाईल की."

"जाऊ दे. येवडी मोट्टी खाचरं हायती."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि फावडी खांद्यावर टाकली. मी भाकरीची टोपली उचलत होते. मामंजी जवळ आले, इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "माजं वजन किती आसंल गं?"

मी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. काटकुळा माणूस, गुडघ्यापर्यंत चिखल.

"माझ्यापरीस थोडंच जास्त, मामंजी."

"मग उचलंल?"

"उचलंल की. पन पागोटं आनि कमरंचा चांदीचा करगोटा काढावा लागंल."

ते हसले नाहीत. गंभीरपणे मान हलवली, मोडलेल्या बांधावर एकदा पाय टेकवून पाहिला, आणि कौलं बदलायला घराकडे चालू लागले.